कुलूप लावून येतो

आमचे साहेब स्वतःला ‘कर्नलवाले’ म्हणवत. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, हे गल्लीतल्या लोकांना काय ठाऊक! ते साहेबांना फौजेतून रिटायर झालेले समजत आणि वाकून नमस्कार करत. साहेबांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियात, बॅटरीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आम्ही धरमकाट्यांसाठी, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्यांसाठी, छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचो. ट्रॉली काट्यावर चढली की वजनाचा आकडा सिरियल पोर्टातून आमच्या यंत्रात येतो. तो वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, हा आमचा धंदा. साहेबांचे पणजोबा देवास संस्थानात थोरल्या पातीच्या राजांच्या दरबारात होते, हे नव्या माणसाला चहा यायच्या आधी कळायचं. ड्रायव्हर कसा चालतो हे मात्र चहा संपला तरी कळत नसे.

त्या पोर्टाला एका वेळी एकानेच हात लावायचा असतो. वजन वाचणारा भाग आणि पावती पाठवणारा भाग एकदम घुसले तर आकड्यांची खिचडी होते. म्हणून आधी कुलूप घ्यायचं, काम करायचं, कुलूप सोडायचं. आमच्या कोडात जो तो मनाला येईल तिथे कुलूप लावी आणि सोडायला विसरे. मी वैतागून एक रॅपर, म्हणजे कोडाभोवतीचं वेष्टण, लिहिला: कुलूप फक्त त्याच्याच हातून मिळणार, काम संपलं की आपोआप सुटणार, आणि घेतलेलंच कुणी पुन्हा मागितलं तर तिथल्या तिथे ओरडणार.

साहेबांनी तो स्क्रीनवर दोन बोटांनी वर-खाली केला. “बाईसाहेब, शेंगदाण्याला आणखी एक टरफल कशाला?” स्वतःच्याच विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले. कोड न वाचता नाकारणाऱ्या माणसाची मला किळस येते, आणि ती मी लपवत नाही.

त्यांना कोडातल्या टिपा मराठीत लिहायची हौस. इंग्रजी धड येत नाही, पण त्याला ते मातृभाषेचं प्रेम म्हणत. सगळ्यांत नाजूक फंक्शनच्या डोक्यावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: ‘कुलूप लावून येतो’. म्हणजे हे फंक्शन स्वतः कुलूप लावतं आणि मग कामाला निघतं. आमच्या घरांत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. साहेबांनी कोडातसुद्धा ‘जातो’ लिहिलं नाही. फंक्शनला अपशकुन झाला असता ना!

सतवासची एक मुलगी नव्याने लागली होती. घर मराठी, शाळा हिंदी. माझा रॅपर मन लावून वाचणारी ऑफिसात ती एकटीच. तिने ‘येतो’चा अर्थ ‘येतो’ असाच घेतला: जो येतो, त्याने आधी कुलूप लावून यावं. तसं तिने लावलं आणि मग फंक्शनला बोलावलं. फंक्शनने तेच कुलूप पुन्हा मागितलं. जे आपणच धरलंय ते सुटायची वाट बघत प्रोसेसर बसला तो बसलाच.

हे घडलं बदनावरच्या मंडीत, ऐन सोयाबीनच्या हंगामात. ट्रॉल्यांची रांग मंडीच्या फाटकाबाहेर गेली आणि काटेवाल्याचा फोन आला, “भिया, यो काटो तो अटकी ग्यो!”

कुठली टीप ते न बघताच साहेबांनी कारण शोधलं. “मराठी वाचता येत नाही हिला. आजच काढा.” तिची ती पहिली नोकरी, अजून कायमसुद्धा झाली नव्हती. या कारणाने निघाली असती तर पुढे कुणी उभं केलं नसतं. ती मान खाली घालून बसली होती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उठून फळ्यावर फक्त ती तीन शब्दांची ओळ लिहिली आणि साहेबांना अर्थ विचारला.

“त्यात काय? जो येतो, त्याने कुलूप आधीच लावून यायचं. सरळ आहे,” साहेब म्हणाले. मग फळ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. “पण ही काय लिहायची पद्धत झाली? कोणत्या गाढवाने लिहिलंय?”

ती मुलगीच हळूच म्हणाली, “सर, आपने.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. छे! खुर्चीत मागे रेलून दरबार भरवल्यासारखे ते तिला म्हणाले, “बरं, या वेळी माफ केलं.”

माफ केलं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती उभी राहिली. घरची, मोडकी, हिंदीच्या वळणाची मराठी तिने पहिल्यांदाच ऑफिसात काढली.

“माफी नाही पाहिजे, सर. ती लाइन हटवून द्या. आणि ताईंचा रॅपर लावून द्या.”

साहेबांना त्यात दहा चुका दिसल्या असतील. दुसरा अर्थ मात्र एकही काढता आला नाही.