विहिरीकडचा वाटा

माझ्या भागीदाराने मला फसवलं. नर्सरीची वाटणी झाली तेव्हा कोणत्या वाफ्यांतली कलमं भरवशाची नाहीत हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि तो गप्प राहिला. पांढुर्ण्यात आजही काही लोक हे उलटं करून सांगतात. ते वाटणीच्या दिवशी तिथे नव्हते.

संत्र्याच्या कलमांची आमची नर्सरी तिगावच्या सडकेला लागून होती. जमीन भाड्याची, विहीर मात्र भरलेली. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं ती चांगली चालली. त्याआधी मी पांढुर्ण्याच्या फलाटावर संत्र्यांची टोपली घेऊन गाडीच्या खिडक्यांमागे धावत होतो. मला धंदा कोणी हातात दिला नाही. बोलून बोलून मी तो उभा केला. भागीदार सौंसरकडच्या एका खेड्यातला. त्याला ग्राहकाशी दोन वाक्यं धड बोलता येत नसत, पण डोळा बांधण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. जंबेरी या रानटी लिंबाचं रोप वर्षाचं झालं की त्याच्या सालीत चाकूने खाच करायची, संत्र्याच्या झाडावरून काढलेला डोळा त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. त्याने बांधलेला डोळा क्वचितच वाळायचा. त्याचा एकच नियम होता: ज्या झाडाचं फळ आपण खाल्लं नाही, त्याचा डोळा घ्यायचा नाही.

तो नियम मी मोडायला लावला. एका वर्षी पुढच्या हंगामासाठी मी इतक्या लोकांना कबूल करून बसलो की त्याच्या ठरलेल्या जुन्या झाडांचे डोळे पुरणार नव्हते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काही तरुण झाडं होती, अजून फळावर न आलेली. त्यांचे डोळे घे, असं मी म्हणालो.

"याचं फळ कोणं पाहिलं हाय?" त्याने विचारलं.

"संत्र्याच्या झाडाले संत्रंच लागते. भोपळा लागन का?"

"संत्र्या-संत्र्यात फरक रायते ना बे."

"तो फरक पाच वर्षांनी दिसते. तवरिक कोण कोठी रायते, काय माहीत."

हे वाक्य माझं आहे. त्याच्या नावावर ते ढकलता आलं असतं, पण तो असं बोलणारा माणूस नव्हता. त्याने डोळे बांधले आणि नंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर तो मला 'शेठ' म्हणू लागला. आधी नुसतंच 'बे' होतं, ते बरं होतं.

पुढच्या वर्षी कलमं विक्रीला आली. एका सकाळी ग्राहकाची बैलबंडी सडकेवर उभी, सडकेकडचे वाफे भरलेले, आणि हा गडी पार विहिरीकडून कलमं खोदून डोक्यावर वाहून आणतोय. माझं डोकं फिरलं.

"समोरची झाडं दिसत नाहीत का तुले? का मजुरांचा दिवस पाडायचा हाय?"

"विहिरीकडचे देऊन राहिलो," तो म्हणाला. "तेच चांगले हायेत."

"मंग हे काय खराब हायेत? कामचुकार कुठला."

मजुरांसमोर म्हणालो. त्याने डोक्यावरची कलमं सावकाश खाली ठेवली, मुळांची माती सुटू न देता. मग म्हणाला, "वाटणी कर, शेठ."

दोघांच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी सौंसरहून आले. पाण्याचं इंजिन त्याने घेतलं, बंडी आणि सायकल मी. चाकू त्याचेच होते. एवढं तर चहा संपायच्या आत झालं. उरली कलमं. आमच्याकडे अशा वेळी एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, अशी रीत आहे. पाडणाऱ्याने लबाडी केली तर नुकसान त्याचंच. वाटे पाडायचं काम मी मागून घेतलं.

मला सडकेकडचा वाटा हवा होता. ग्राहक तिथे थांबतो, बंडी तिथे लागते. म्हणून दोन दिवस मी वाफ्यांतून दोर सरकवत फिरलो आणि विहिरीकडच्या बाजूला दोन ओळी जास्त दिल्या, की पाहताक्षणी तोच वाटा भारी वाटावा. तो तपासू लागला, उंची-जाडी काढू लागला, तर दोर पुन्हा हलेल, ही मला भीती. म्हणून गुरुजींसमोर अट घातली.

"झाडायबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कोणता वाटा, तेवढंच सांगायचं. दुसरं काही बोलला तं वाटणी मोडली."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, मनात ओळी मोजतोय.

"बोल रे बाबा," गुरुजी म्हणाले, "मले एस्टी पकडायची हाय."

"विहिरीकडचा," तो म्हणाला. वाफ्यांकडे त्याने नजरसुद्धा टाकली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जिलेबी नेली. मला हवं ते मिळालं होतं, आणि तेही त्याच्या तोंडून.

त्या पावसाळ्यात माझा वाटा सगळा विकला गेला. बरीच कलमं नदीपलीकडे सावरगावच्या एका शेतकऱ्याने नेली. जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत राबलेला माणूस. स्वतःच्या दोन एकरांत पहिल्यांदा बाग लावत होता. "आमच्या कलमाची जबाबदारी माझी," असं मी त्याला म्हणालो होतो. सगळ्यांनाच म्हणायचो.

पाच वर्षांनी तो दुपट्ट्यात चार संत्री बांधून माझ्या ओट्यावर आला. एक सोललं. साल जाड, फुगलेली, आत फोडी सुटलेल्या आणि कोरड्या, बियाच बिया.

"खाऊन पाहा, भाऊ."

मी खाल्लं. चावायला काही नव्हतं.

"मी भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "मले एवढंच सांगा, खत बदलू का झाडं काढू?"

तेव्हा मला कळलं. धुऱ्यावरच्या झाडांचे डोळे सडकेकडच्या वाफ्यांत गेले होते, आणि म्हणूनच भागीदार विहिरीकडून खोदून आणत होता. मी शेतकऱ्याला 'काढा' म्हणालो. तो संत्री तिथेच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी सौंसरकडे गेलो. भागीदार स्वतःच्या नर्सरीत पट्ट्या सोडत बसला होता. उठला नाही.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तूच म्हटलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. गुरुजी होते."

"सात वर्षं सोबत होतो बे आपण. एकडाव तं सांगतास."

"एकडाव सांगितलं होतं. तेच चांगले हायेत म्हटलं. तू कामचुकार म्हटलं मले."

मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने हातातली पट्टी पूर्ण सोडली, पुढच्या रोपाकडे सरकला. त्याची बायको पाणी घेऊन आली, मी ते प्यालो नाही. आज वाटतं, प्यायला हवं होतं. परत असा हात मला मिळाला नाही आणि मी पुन्हा नर्सरी घातली नाही.

नियम मी मोडला, अट मी घातली, वाटे मी पाडले. हे सगळं माझ्या माथ्यावर, आणि सावरगावला जाऊन त्या माणसासमोर मी ते कबूल केलं. झाडं उपटायला त्याच्यासोबत उभाही राहिलो. पण ती झाडं माझ्या घरात लागणार नव्हती, कोणाच्या तरी शेतात लागणार होती, हे भागीदाराला त्या दिवशी माहीत होतं. माझ्यावर राग होता तर माझी सायकल मोडायची, बंडी जाळायची. दोन एकरवाल्याने त्याचं काय केलं होतं? त्याने सावरगावला जावं, त्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहावं आणि त्या माणसाच्या तोंडावर सांगावं की मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. मी जाऊन आलो. तो अजून गेलेला नाही.