सुलभाबाईंनी पुसलेला शब्द

बोईसरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि सुलभाबाईंचे यजमान गेले. कारखान्याचे अधिकारी घरी आले. "तत्काळ गेले, बाई. त्यांना काही कळलंही नसेल." बाईंनी विचारलं, "कोणी पाहिलं?" अधिकारी नमस्कार करून उठले.

आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. वाचनालयही माझ्याकडे होतं. "कोणी पाहिलं?" असं त्या भुताच्या गोष्टीला विचारायच्या, तसंच पाठ्यपुस्तकालाही. माहेर नवापूरचं, मच्छीमारांचं. वर्गात बोलणं पुस्तकी, पण राग आला की जिभेवर नवापूर यायचं.

शहाऐंशीच्या जानेवारीत अमेरिकेचं अंतराळयान उडाल्यावर थोड्याच वेळात फुटलं. हेडमास्तरांनी फळ्यावर श्रद्धांजली लिहवून घेतली : 'सातही अंतराळवीरांना तत्काळ मृत्यू आला.' बाईंनी डस्टर घेतलं आणि 'तत्काळ' एवढाच शब्द पुसला.

"आता अमेरिकेचंही तुम्हीच तपासणार?" हेडमास्तर म्हणाले.

"फोटो त्यांनीच छापलेत, सर. मी नुसती बघते."

वाचनालयात मोठ्या फोटोंचं एक साप्ताहिक आलं, तेव्हा त्या प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन बसल्या. धुराच्या लोळातून एक तुकडा वेगळा निघाला होता. "हा जळालेला नाही, मोडून सुटलाय. माणसं यातच असली तर?"

मला ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. तसं मी म्हणालो.

"मग 'दिसत नाही' म्हणा. 'तत्काळ मेली' कशाला म्हणता?"

"घरच्यांना तेवढंच समाधान, बाई," मागे येऊन उभे राहिलेले हेडमास्तर हळूच म्हणाले.

"मी घरचीच हाय. मला नाय पायजे तसलं समाधान."

काही महिन्यांनी पेपरात आलं की माणसांचा कप्पा यानापासून अखंड सुटला होता, आणि आतल्या काहींनी नंतर श्वासाच्या हवेची उपकरणं चालू केली असावीत. हेडमास्तरांनी तो पेपर स्वतः बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "उद्या माझ्याबरोबर कारखान्यात येता?"

कारखान्याने बोलावलेल्या फोटोग्राफरकडून त्यांनी यजमान गेले त्या जळालेल्या शेडच्या फोटोची प्रत मिळवली होती. मागच्या भिंतीवर वायूच्या मास्कची खुंटी रिकामी, आणि मास्क दाराशी पडलेला; उखडलेल्या दाराची बाहेरची कडी तशीच लागलेली. तो फोटो त्यांनी कारखान्याच्या साहेबांपुढे ठेवला. "मास्क आपल्या पायांनी दाराशी आला?"

"ताई, याने आता काय होणार? माणूस तर परत येत नाही."

"माझा माणूस दारापर्यंत आला होता. दाराला भायरून कडी होती. तुमी अहवालात 'तत्काळ' लिवलं, की कडी कोणी लावली ते विचारायला नको."

साहेबांनी फोटो उपडा ठेवला. बाईंनी तो सुलटा केला. "ठेवा. माझ्याकडं दुसरा हाय."

तो दुसरा घेऊन त्या पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभ्या राहू लागल्या. वॉचमन हटकायचा, त्या त्यालाही फोटो दाखवायच्या. बसकडे धावणारे कामगार आधी ओझरतं बघत, मग थांबून बघू लागले. एका पाळीच्या कामगारांनी बाकीच्या शेडच्या बाहेरच्या कड्या उचकटून काढल्या. कंपनीने त्या पुन्हा ठोकल्या, तशा त्यांनी पुन्हा काढल्या.

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. कारखान्याच्या अहवालात 'तत्काळ' तसाच आहे. शेडच्या दारांना बाहेरून कडी नाही.