अंगठ्यानं बंद केलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर मी पायाच्या अंगठ्यानं बंद केला. जोडव्यासकट. आज सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा ती बाई, म्हणजे मीच, पंचेचाळीस वर्षांची घोडी, स्वतःवर भल्ली खूश होती. टेबलाखाली बोर्ड, बोर्डावर बटण, बटणावर अंगठा. खट्. पडदा काळा. झालं काम.

हे मी साहेबाचं पाहून शिकले होते. दिग्रसच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मी झाडझूड आणि चहापाणी करायची. साहेब म्हणजे तिथला मॅनेजर. यवतमाळचा, शिकल्यासवरल्या घरचा. साडेपाचच्या एसटीची घाई असायची. खुर्चीतूनच बूट काढायचा आणि मोज्यातल्या अंगठ्यानं ते बटण दाबायचा. रोज. मला वाटलं, कॉम्प्युटर बंद करायची रीतच ती. एक दिवस तो लवकर निघाला. जाता जाता म्हणाला, "बंद करून टाक." मी टाकला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चाललं होतं. मला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी, बस. बंद केला, चालू केला, पुन्हा त्याच ओळी.

बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. कोणाची गाडी कितव्या नंबरवर, ती यादी त्या डब्यात. वही साहेबानं मागच्या हंगामातच बंद केली होती. यादी नाही तर वजनाचा काटा नाही. त्या वर्षांत कापसाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी त्याहून खाली. दोन दोन दिवस बैल सोडून बसलेली माणसं. त्यांत माझ्याच गावची, शेजारच्या घरातली गयाबाई.

काटेवाल्यानं साहेबाच्या कानात सांगितलं, "काल बाईनं पाय लावला मशीनले. म्या पाह्यलं."

त्या मशीनची दसऱ्याला पूजा झाली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजेआधीची धूळ मी पुसली. पूजेच्या वेळी मला बाहेर उभं केलं आणि प्रसाद वरून टाकला, कागदावर. आमच्या वस्तीतल्या बाईला तसाच देत.

"लक्ष्मीला पाय लावतेस?" साहेब म्हणाला. "नाक घास. इथंच. सगळ्यांसमोर."

मी घासलं.

फरशी सकाळी मीच पुसलेली. फिनाइलचा वास नाकात गेला. खिडकीत गाडीवाले उभे. कोणी हसलं नाही, एक काटेवाला सोडून. आणि मी. हो, मीही हसले. हे सांगायचीच खरी लाज वाटते. नाकावर ओलं घेऊन उठले आणि "चुकलं साहेब" म्हणत दात काढले. साहेबाचा अंगठा मला ठाऊक होता. तरी दात काढले.

मग चाचा आले. बाजारात आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. त्यांनी एक सीडी आत सरकवली, दोन-चार बटणं दाबली. निळा पडदा आला, त्यावर आकडे मुंगीच्या चालीनं पुढे सरकू लागले. मी चहा दिला आणि तिथंच उभी राहिले.

"काय झालं जी त्याले?" मी विचारलं.

"बाई, हे बंद होताना आपला पसारा जागेवर ठेवते. मधातच लाईन काढली, का अर्धा पसारा तसाच राह्यते. मंग सकाळी उठाले ज्या फाईली लागते, त्याच फाटेल सापडते."

"मंग फेका लागते?"

"फेकाचं कायले? तेवढ्या फाईली सीडीवरून नव्या टाकून राह्यलो. तुमची यादी आत हाये तशीच निघंन, इन्शाअल्ला."

दुपार झाली. आकडे थांबले, पडदा उजळला. यादी निघाली. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "निघाली रे, बैल जुंपा."

चाचा सीडी पुसत म्हणाले, "पण साहेब, हे एका दिवसाचं काम नोहे. लय दिवसापासून मार बसून राह्यला याले. रोज कोण बंद करते?"

साहेबानं वरसुद्धा पाहिलं नाही. "हीच," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "चल, नमस्कार कर मशीनला. रोज सकाळी करायचा, मगच झाडू हातात घ्यायचा."

माझे हात आपोआप जुळायला लागले. अर्ध्यावर आले. तेवढ्यात टेबलाखाली त्याचे बूट दिसले. एक काढलेला.

"पाय तुमचाबी लागते, साहेब," मी म्हणाले. "रोज. साडेपाचले. आंधी तुम्ही घासा नाक."

काटेवाला भिंतीकडे पाहू लागला. साहेबाचा चेहरा लाल.

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजचं झाडून झालं हाये," मी म्हणाले आणि ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली.

त्यानंतर चार ठिकाणी कामं केली. तिथंही मशिनी बिघडल्या, तिथंही साहेब होते. ज्याची चूक त्याचं नाव मी तिथंच घेते, त्याच्या तोंडावर. माझी असली तर माझंही घेते, पण उभ्यानं. जमिनीला नाक लावणं संपलं. माझंही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कोणाचंही. सुना म्हणतात, सासूचं तोंड फाटकं आहे. असू द्या.

त्या दिवशी फाटकाबाहेर आले तेव्हा माझी छाती फुगलेली. वाटलं, गयाबाई पाठ थोपटेल. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं होतं, आता तिचा नंबर लागला होता. कासरा हातात धरून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली,

"बोल्ली ते बरं केलं व बाई. पण नाक घासाच्या आंधी काहून नाही बोल्ली?"