एक फेक, एक पाऊल

नेट्टा लापशी ढवळत होती. ओटची, मीठ घातलेली. लापशीत साखर घालणाऱ्या माणसांविषयी तिचं मत फारसं बरं नव्हतं. लॅकलन खिडकीशी बसून डाव्या हाताने माशी बांधत होता, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून सॅमन माशाला भुलवायचं सोंग करतात ती. उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला होता, कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. ऑक्टोबरात त्याला झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू त्याचं ऐकत नव्हती. पीस निसटायचं, तो ते पुन्हा उचलायचा.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

त्या गावात पुढचं दार कुणी वाजवत नाही. माणसं मागून येतात, बूट पायरीवर आपटून चिखल झाडतात आणि सरळ चुलीपाशी बसतात. पुढून येतो तो पाद्री, नाहीतर पोलीस. नेट्टाने डाव खाली ठेवला आणि हात पुसत दार उघडलं. बाहेर टॉर्किल उभा होता. मासेमार मंडळाचा चिटणीस आणि लॅकलनचा जन्माचा सोबती. टोपी हातात.

"पुढून का आलास?" नेट्टाने विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. मला वाटलं, कामाचं बोलायचंय तर..."

"कामाचं बोलायला मागचं दार अरुंद होतं का? ये आत. थंडी शिरत्येय."

चहा झाला, बिस्किटं झाली, हवेबद्दल बोलून झालं. नंतर टॉर्किल टोपीची कड बोटांनी फिरवत म्हणाला, "लॅकलन, फेब्रुवारीत नदी मासेमारीला उघडेल. मंडळातल्या पोरांचं म्हणणं असं की तू दुपारी ये. आम्ही जेवायला गेलो की डोह सगळा तुझाच."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी घुसळून ठेवलेला."

"आम्ही काय गाई आहोत, पाण्यात घुसायला?"

"गाई बऱ्या. त्या बोलत तरी नाहीत."

टॉर्किल हसला, पण लॅकलन हसला नाही. टॉर्किल काय सांगायला आलाय, ते तिघांनाही कळत होतं. त्या डोहावर रांग असते. वरच्या टोकाला पाण्यात उतरायचं, एकदा गळ फेकायचा, प्रवाह तो काठाकडे घेऊन येईपर्यंत थांबायचं आणि मग एक पाऊल खाली. पुन्हा फेक, पुन्हा पाऊल. मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. तळाशी पोचलं की बाहेर येऊन चालत परत वर. एक अडला की मागचे सगळे अडले. आणि लॅकलनचा उजवा पाय घरातल्या चटईवरही अडत होता.

"हवं तर माझी जागा घे," टॉर्किल म्हणाला.

"आणि तू काठावर उभा राहून टाळ्या वाजवणार? नको. ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याने रांगेत उभं राहू नये. माझा बापच सांगायचा हे."

एवढं बोलून त्याने पीस उचललं. मग तो टॉर्किलकडेच काय, खिडकीकडेही पाहीना. नेट्टाला भीती वाटली ती या गोष्टीची. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती. उरलेला माणूस आत्ता तिच्या डोळ्यांसमोर आपण होऊन उठून चालला होता.

टॉर्किलला फाटकापर्यंत सोडायला ती स्वतः गेली.

"आपली जागा घरच्या माणसाला देता येते ना रे?"

"येते की. बाप पोराला देतो, भाऊ भावाला. घरातल्या घरात उपकार कसले? पण तुमच्या घरात दुसरं आहे कोण रांगेतलं? पोरगी एल्मा, ती तर तिकडे कॅनडात."

"बाई चालते का रांगेत?"

टॉर्किलने तिच्याकडे नीट पाहिलं. "चालते. पण गळ टाकता यायला हवा, नेट्टा. धोंडा मारल्यासारखा टाकलास तर मासेच काय, आम्हीसुद्धा पळू."

"हे त्याला सांगू नकोस."

संसाराची चाळीस वर्षं नेट्टाने नदीला सवतीचा मान दिला होता, म्हणजे नाव घ्यायचं टाळलं होतं. उन्हाळाभर नवरा पाण्यात. हिवाळ्यात नदी बंद, तर नदीच घरात. दर गुरुवारी चार-पाच जण तिच्या टेबलाभोवती बसून पिसं बांधत. लापशीत तंतू सापडत. चर्चला जायच्या तिच्या टोपीतलं निळं पीस एका मार्चमध्ये गेलं, ते मे महिन्यात एका सॅमनच्या जबड्यातून परत आलं. जानेवारीत हेच लोक नुसतं पाणी बघायला पुलावर जात आणि परत येऊन, घरात आजारी माणूस असावा तसे एकमेकांना सांगत, "आज कोऱ्या चहासारखं आहे. काल बरं होतं." लॅकलन आजारी पडल्यापासून गुरुवार बंद झाले. त्यानेच कुणाला येऊ दिलं नाही. घर स्वच्छ राहू लागलं आणि ती स्वच्छता नेट्टाला खायला उठली.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला गळ टाकायला शिकव."

लॅकलनच्या तोंडाची डावी बाजू हसली. "तुला? या काठीला तू कपडे वाळत घालायची काठी म्हणतेस."

"तीच दे हातात."

दुसऱ्या दिवसापासून फुटबॉलच्या मैदानावर शाळा भरली. गवतावर दहिवर पडलेलं. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधलेला. लॅकलन घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.

"खांदा नको! खांदा घरी ठेवून ये!"

"मग फेकू कशाने, कानाने?"

"चटई झटकतेस तशी फेकत्येस. आधी दोर मागे जाऊ दे. त्यालाही जरा वेळ लागतो, बाई."

शेजारची रोडा कुत्रा घेऊन कुंपणापाशी थांबे. "काय लागलं गं, नेट्टा?"

"थंडी!"

"मोठी आहे का?"

"सोडून दिली!"

घरातही शिकवणी चाले. नेट्टा बटाटे सोलायला बसली की लॅकलन तिच्या मनगटाला दोरा बांधी आणि दुसरं टोक आपल्याकडे ठेवून मधेच हिसका देई. तिने काहीही करायचं नाही. नदीत आलेला सॅमन भुकेने माशी धरत नाही. तो ती तोंडात घेतो आणि सावकाश वळतो. तो पुरता वळायच्या आत जो काठी उचलतो, त्याचा मासा जातो. दूध उतू जायला लागलं, दार वाजलं, पोर रडलं की उठायचं, हे जन्मभर केलेल्या बाईला काहीच न करणं फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात बटाटे जमिनीवरच जास्त. "हाही गेला!" लॅकलन ओरडे. "वीस पौंडी होता!"

या शाळेची बातमी गावात गेली, तसे लोक बघायला आले. बघायला आले ते बसले, बसले त्यांनी खिशातून पिसं काढली. गुरुवार पुन्हा सुरू झाला. नेट्टाने केटल चढवली आणि तोंडाने मात्र सगळ्यांना शिव्या दिल्या.

जानेवारी सरत आला तेव्हा ती पहिल्यांदा पाण्यात उतरली. अजूनही गळाविना, लोकर लावूनच. मैदानावर सरळ जाणारा दोर पाण्यावरून उठेचना. उठला तो तिच्या गळ्याभोवती येऊन पडला. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. काठावरून सूचना येणं थांबलं.

"बोल की काहीतरी!" ती ओरडली.

"मी जन्मात कधी गवतावर फेकलेलं नाही," लॅकलन हळू म्हणाला. "गवतावरून दोर घसरतो. पाणी त्याला धरून ठेवतं. हे सांगायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अख्खा हिवाळा तुला भलतंच शिकवलं मी."

"मग आता बरोबर शिकव. बर्फ वितळतंय माझ्या बुटात."

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "ओढून घेऊ नकोस. पाण्याला धरू दे. ते धरतं ना, त्याच्याच जोरावर सोड."

चार-सहा दिवस रोज तेवढंच. एका दुपारी काठीत वजन भरलं, ती लवली, आणि दोर पाण्यावरून असा निघून गेला की तो आपण टाकला हे नेट्टाला खरं वाटेना. घरी जाताना तिने विचारलं, "दर वेळी असंच होतं का?"

"छे. कधीतरी."

टॉर्किलने पुलावरून पाहिलं. "देखणं नाही," तो म्हणाला, "पण चालेल." आणि मंडळाच्या यादीत त्याने नेट्टाच्या नावाची जागा घातली.

नदी उघडायच्या दिवशी काठांवर बर्फ होतं. सगळ्यांत जुन्या सभासदाने पाण्यात व्हिस्कीची धार धरली, उरलेली स्वतः घेतली आणि रांग लागली. नेट्टा मधोमध, तिच्या लगेच मागे टॉर्किल. लॅकलनची खुर्ची तिने खाली, डोहाच्या तळटोकाशी मांडायला सांगितली होती. तिथे सपाट खडी आहे आणि पाणी घोट्यापर्यंतच. तो पाण्यातले उंच रबरी बूट घालून आला होता. थंडी आहे म्हणून, असं त्याने कुणी न विचारताच सांगितलं.

एक फेक, एक पाऊल. मासा कुणालाच लागत नव्हता आणि त्याचं कुणाला नवलही नव्हतं. नेट्टाच्या दोन फेका फसल्या. मागून कुणीतरी खोकलं, पण हसलं नाही. हळूहळू ती तळाशी आली. खुर्ची आता हाताच्या अंतरावर होती. इथून बाहेर पडायचं आणि वर चालू लागायचं.

ती बाहेर पडली नाही. मागची रांग एकेक करून थबकली.

"काय झालं, नेट्टा?" टॉर्किलने हाक दिली. "दगडात अडकला का?"

ती वळली. आवाज चढवायची गरज नव्हती, पाण्यावरून तो नीट जात होता.

"ही माझी जागा आहे. ती मी लॅकलनला देते. त्याला वेळ लागेल. तेवढं थांबा."