भ्याचं काम नाई

"भ्याचं काम नाई." गाडीचं बॉनेट उघडायच्या आधीच मिस्त्री हे म्हणून टाकायचे. इंजिनातून धूर निघो की सायलेन्सर रस्त्यात गळून पडो, त्यांचं आपलं तेच. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल बघा, ज्याचं एक वाक्य ऐकलं की अर्धी धडधड थांबते.

हिंगणीहून सेलूला जाताना रस्त्याला लागून त्यांची टिनाची शेड होती. गाडीतला आवाज पकडायला ते बेलणं वापरत. हो, पोळ्या लाटायचंच! एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. शेडमागेच घर. बायको आतून ओरडायची, "अजी, बेलणं आणा आधी! पोळ्या काय हातानं थापू?"

"चूप वो! गाडी बोलून राह्यली."

आमची गाडी जुनी. आमच्या यांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा वर्ध्याला जायचं. मी चालवते, हे शेजारी. उन्हाळ्यात एसी नसला की यांचा जीव कासावीस होतो. आणि नेमकी मे महिन्यात एसीच्या बाजूनं कर्रर्र सुरू झाली. हे नुसती सीटची कड घट्ट धरायचे. मी रेडिओ मोठा करायची. भर उन्हात, मध्येच गाडी बंद पडली तर यांना घेऊन मी करू काय?

शेवटी गाडी मिस्त्रींपुढे नेऊन लावली. त्यांनी बेलणं टेकवलं. डोळे मिटले. मग जागा बदलली, मग कान बदलला. ते वाक्य काही येईना.

"काऊन बोलून नाई राह्यले, मिस्त्री? लय खराब आहे का?"

गाडीत बसलेल्या यांच्याकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. "गाडीचं नाई, काकू. मलेच ऐकू नाई येऊन राह्यलं. बोलणं येते, हा बारीक आवाज नाई येत. बायकोलेही नाई सांगितलं अजून. शेड बंद पडली तर खाऊ काय?"

मिस्त्रींना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसरीकडे जावं, तर गाडी तिथवर पोचेल की नाही कोण जाणे. तेवढ्यात त्यांनी बेलणं माझ्याच हातात दिलं. "पदर खोचा घट्ट, इंजिनाच्या पट्ट्यात जाईन. आता तुमी ऐका अन् मले सांगा."

मी टेकवलं. थरथर पार दातांपर्यंत आली. "रिकामं जातं फिरवावं, तसं वाटते."

"काका, एसी बंद करा!" ते ओरडले. "आता?"

"आहेच की!" मी म्हणाले. एसी बंद केल्यावरही आवाज येतो, हे रेडिओपायी मला कधी कळलंच नव्हतं.

"मंग कॉम्प्रेसर नाई, पुलीचं बेरिंग. एसी बंद असला तरी ते फिरतेच. ते जाम झालं की पट्टा तुटते, अन् गाडी जागच्या जागी."

म्हणजे इतके दिवस आम्ही कशावर बसून वर्ध्याला जात होतो!

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवं बेरिंग बसवलं. मी पुन्हा कान लावला. नुसती घूं घूं. "आता भ्याचं काम नाई ना?" मी विचारलं.

त्यांनी हात पुसले. "आता तुमीच सांगत जा," म्हणाले.

पावसाळा संपता संपता शेडला कुलूप लागलं. दोघं मुलीकडे आंजीला गेले. जाताना मिस्त्री बेलणं मला देऊन गेले.

अजूनही निघायच्या आधी मी पदर खोचते, बॉनेट उघडते, बेलणं टेकवते. बॉनेटच्या आड माझं तोंड यांना दिसत नाही. माझा आवाज येईपर्यंत यांचा हात सीटच्या कडेवर घट्ट असतो, हे मला न बघता कळतं.

"भ्याचं काम नाई!" मी आडूनच ओरडते.

खरं सांगू? कधी कधी ऐकायच्या आधीच.