दुकानाचं हो

इंग्रजीच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो, तो "येस" म्हणून.

परीक्षा काही मोठी नव्हती. सगळ्यात खालच्या पायरीची, तोंडी, चहा निवायच्या आत संपणारी. समोर एक बाई बसते, तुमचं घर, तुमची माणसं, तुमची आवडनिवड असलं काहीबाही विचारते आणि आपण उत्तरं द्यायची. माझी बायको इंग्लंडमध्ये नर्स आहे. लेक आधी नंदनवनातल्या घरी माझ्याजवळ आणि आजीजवळ होती, दोन वर्षांपूर्वी तीही आईकडे गेली. आता नवऱ्याला बोलवायचं तर या परीक्षेचा कागद लागतो; तो नसेल तर बाकीचे कागद कोणी हातात धरत नाही. सगळं जुळलं होतं, अडलं होतं ते सदरमधल्या परीक्षेच्या त्या एका खोलीपाशी.

बाईंनी विचारलं, "डू यू लाईक स्विमिंग?"

मी म्हणालो, "येस."

काहून म्हणालो, ते पुढे सांगतो. बाईंना आनंद झाला. कुठे पोहता? मला तलाव आठवला, मी म्हणालो "पाँड". कोणासोबत? "वाइफ." कधी? "डेली." बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, तुमची बायको आता कुठे आहे?

"इंग्लंड," मी म्हणालो.

पुढे बाईंनी बरंच काही विचारलं, पण माझी दातखीळ बसली होती. रोज इंग्लंडातून येऊन माझ्यासोबत तलावात पोहणाऱ्या बायकोचं काय करायचं, हे मला त्या भाषेत निस्तरता आलं नाही. मराठीतही आलं नसतं म्हणा.

निकाल कळला तेव्हा बायको फोनवर आधी पोट धरून हसली आणि मग चिडली. "अहो, तुम्ही काहून म्हटलं येस? तुम्हाले तर बादलीतल्या पाण्याची भीती वाटते!"

आता ते काहून. मी इतवारी बाजारात साड्यांच्या दुकानात गादीवर बसतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून तेच करतो आहे आणि, स्वतःच्या तोंडाने सांगतो, चांगलं करतो. आमच्या शेठजींचा एकच कायदा आहे: गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं नाही. गिऱ्हाईक चपला खाली काढून गादीवर येतं. शेठजी म्हणतात, "जो 'नाही' ऐकतो तो पहिले आपली चप्पल शोधतो." म्हणून एखाद्या बाईंनी मोरपंखी रंग मागितला आणि आपल्याकडे नसला, तरी "आहे नं ताई, बसा तर" म्हणायचं. मग निळी उलगडायची, मग हिरवी, मग जांभळी, तोवर चहा येतो, सोबतची नणंद एखादी साडी खांद्यावर टाकून बघते आणि मोरपंखीचा विषय मागे पडतो. यात फसवणूक नाही. घरी जाताना बाई खूश असतात. पण इतकी वर्षं हे केल्यावर प्रश्न कानावर पडला की माझी मान आपोआप डोलते आणि तोंडातून हो निघतं. प्रश्न काय आहे ते मला नंतर कळतं.

बायकोने माझा अभ्यास घ्यायचं ठरवलं. ती सकाळी ड्युटीवर निघायच्या आधी फोन करायची. इथे तेव्हा दुपारचं जेवण असायचं. मी दुकानाच्या माळ्यावर, गठ्ठ्यांच्या मागे, डबा उघडून बसायचो. फोनमध्ये एका बाजूला बायको केस बांधत असायची, दुसऱ्या बाजूला लेक वाटीतलं दूध-पोहे चमच्याने ढवळत असायची. तिथेही पोहे मिळतात, पण दुधात खातात. असो.

बायकोने पद्धत काढली. जे माझ्याकडे नाही, जे मी करत नाही, तेच ती विचारायची.

"डू यू हॅव अ कार?"

"ये..."

"अहो!"

"नो. आय हॅव अ स्कूटर."

"डू यू हॅव अ डॉग?"

मान डोललीच. लेक खिदळली. "आई, बाबाची मान पाह्य! बाबा नसलेला कुत्रा दाखवून राहिले!"

"हे पहा," बायको म्हणाली, "हे दुकानाचं हो झालं. मले खरं हो पाहिजे, नाही तर खरं नाही पाहिजे. दुकानाचं हो इथं चालत नाही."

रंगांच्या बाबतीत मात्र मी तयार निघालो. रंग मला इंग्रजीतच येतात. बॉटल ग्रीन, सी ग्रीन, वाईन, रस्ट, ओनियन पिंक. बायकोने तिच्या पडद्याकडे बोट दाखवलं की मी पडद्याचा रंग सांगायचो, वर कापड धुतल्यावर जाईल की राहील तेही सांगायचो. "नुसतं ग्रीन म्हणा," ती वैतागायची, "तिथं विकायचा नाही तुम्हाले."

मी मनावर घेतलं. जिभेला वळण लागावं म्हणून एक दिवस दुकानातच सराव करायचं ठरवलं. एक बाई आल्या, गादीवर नीट बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तोतापंखी काठाची आहे का?"

मी छातीवर दगड ठेवून म्हणालो, "नाही."

शेजारी घडी घालणाऱ्याचे हात थांबले. शेठजींनी चष्मा काढला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पायाने चप्पल चाचपली आणि समोरच्या दुकानात गेल्या.

"देख लिया?" शेठजी म्हणाले. "भाऊ, तू इंग्लंडले जाऊन नो म्हण. जितकं म्हणायचं तितकं म्हण. इतवारीत नको म्हणू बाप्पा."

दुकानात हशा पिकला, मीही हसलो. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, तिचं हसू आलं नाही.

लेक रोज फोन ठेवताना एकच प्रश्न विचारायची, "बाबा, तुम्ही येऊन राहिले का?" आणि मी रोज म्हणायचो, "हो नं बेटा, आलोच!" दिवाळीच्या आधी म्हणालो. तिच्या वाढदिवसाच्या आधी म्हणालो. नापास झालो त्या संध्याकाळीही म्हणालो. काय करणार, सहा वर्षांच्या पोरीला नाही म्हणवत नाही. त्या आठवड्यातल्या एका दुपारी तिने विचारलंच नाही. बायको फोन ठेवायला निघाली, तर मीच लेकीला म्हणालो, "अवं, आज विचारलं नाही तू? बाबा येऊन राहिले नं!"

तिने चमचा वाटीत ठेवला आणि आईला सांगितलं, अगदी सहज, हवामान सांगावं तसं, "ते दुकानाचं हो आहे."

रागावली नव्हती, रुसलीही नव्हती. तिला नुसतं ठाऊक झालं होतं. बायकोने कसनुसं हसून फोन ठेवला. मी डबा तसाच झाकून ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. परीक्षा पुन्हा देता येते, तिसऱ्यांदाही देता आली असती. पण पोर बापाचं हो मोजेनाशी झाली, तर मी तिकडे पोचून तरी काय करणार होतो?

घरी आईने माझा चेहरा पाहिला. "काय झालं गा बाबू?" मी सांगितलं. आई भाजी चिरत होती. म्हणाली, "तुह्या बापाची बी तीच खोड होती. कोणालेच नाही म्हणत नव्हता. मले मेला म्हणे, काश्मीर दाखवतो. मी अजून वाटच पाहून राहिली." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

"अन् मी गेल्यावर तुले चालते का?" मी विचारलं. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"नाही चालत," आई म्हणाली. "पण तू जा. तुहा भाऊ आहे मागच्या गल्लीत."

'नाही' हे असं म्हणतात, ते मला त्या दिवशी आईकडून कळलं. म्हणतात, आणि पुन्हा भाजी चिरायला लागतात.

दुसऱ्या खेपेला आईने हातावर दही-साखर ठेवली. सदरमधली तीच खोली होती, बाई वेगळ्या होत्या. नाव-गाव झालं. चित्र दाखवलं, त्यात शर्ट होता. मी नुसतं "ब्लू" म्हणालो आणि स्काय आवरला. स्विमिंग आलं नाही, सायकल आली. "नो," मी म्हणालो. "आय हॅव अ स्कूटर." बाई पुढे गेल्या. आभाळ कोसळलं नाही, बाईंनी चपलाही शोधल्या नाहीत. मला जरा मजाच वाटायला लागली.

मग त्यांनी विचारलं, "डू यू लिव्ह विथ युअर फॅमिली?"

याचं उत्तर आम्ही पाठ केलं होतं. येस, आय लिव्ह विथ माय फॅमिली. सोपं, सरळ, मार्कांचं. मान डोलायला लागलीच होती. दुकानात, गल्लीत, लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी हेच सांगत आलो होतो: सगळं बढिया, सगळे मजेत. मी मान धरून ठेवली.

"नो," मी म्हणालो. "माय वाइफ अँड माय डॉटर लिव्ह इन इंग्लंड. आय लिव्ह विथ माय मदर. माय डॉटर इज सिक्स. आय डोन्ट सी हर."

एवढी वाक्यं मी पाठ केलेली नव्हती. ती कुठून आली कोण जाणे. बाईंनी मुलीला काय आवडतं ते विचारलं. मी म्हणालो, दूध-पोहे. "पोहे" ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी पोहेच म्हणालो आणि बाईंनी मान डोलावली.

पास झालो. शेठजींनी इतवारीतूनच पेढे आणवले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की आमचा माणूस इंग्रजी पास झाला, साड्या बघा. दुपारी मी माळ्यावर जाऊन फोन लावला. बायको ओरडली, रडली, पुन्हा ओरडली. मग तिने फोन लेकीकडे दिला.

"बाबा, पास झाले का?"

"हो."

तिने माझ्या मानेकडे पाहिलं. मान जागच्या जागी होती.

"मंग आज येता?"

जिभेवर तेच जुनं आलं होतं, आलोच बेटा. मी ते गिळलं. "नाही," मी म्हणालो.

"उद्या?"

"नाही."

"मंग कधी?"

"माहीत नाही बेटा. आता सगळे कागद पाठवायचे आहेत. ते लोक पाहतील, मग सांगतील. वेळ लागेल."

दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नाही म्हणत होतो, आणि एकदम दोन वेळा. मग फोनमधलं चित्र हलायला लागलं. छत दिसलं, भिंत दिसली, तिच्या पायांचा आवाज आला आणि फोन त्यांच्या दाराजवळच्या चपलांच्या फळीवर येऊन थांबला. तिने आपले लाल बूट उचलून आईच्या बुटांवर ठेवले, एक छत्री बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळहात आपटला.

"तुमची चप्पल इथं," ती म्हणाली. "एवढी जागा पुरते का?"

"हो," मी म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.