तीन सिलिंडरवर चाकण

चाकणच्या कांदा वखारीतल्या हमालांनी संप केला तेव्हा आमच्या संघटनेकडे एकच मोटार होती. महायुद्धाच्या आधीची, टपावर कर्णा बांधलेली. रोज सकाळी चिंचवडहून निघून ती वखारीसमोर उभी राहायची. "संघटना पळाली" हे मुकादमाचं पालुपद आमच्या तोंडाकडे बघून खोटं ठरायचं. आमचं काम एवढंच, आणि तेच त्या माणसांचा आधार होतं.

मुकादमानं निर्वाणीचं सांगितलं होतं: येत्या बाजारच्या दिवशी बाजार भरायच्या आत कामावर या, नाहीतर बाहेरची माणसं आणतो. आणि त्याच दिवशी इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर चढाला गाडी धापा टाकत उभी राहिली.

"पेट्रोल बघा," संघटनेचे अध्यक्ष आतूनच म्हणाले. ते खाली उतरले नाहीत.

पेट्रोल होतं. प्लग काढून बघितले, ठिणगी नीट पडत होती. गाडी हाकणारे चिखलीचे मामा पुढं जाऊन हँडल फिरवू लागले. "हितं जड, हितं जड, हितं जड... आन् हितं सुळकन् जातंय बगा."

म्हणजे एका सिलिंडरला दाबच नव्हता. मी पिंपरीच्या गॅरेजात हात काळे केलेले. त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरला. दाब असता तर अंगठा उडाला असता. नुसता फुसका वारा लागला. मग भोकात थोडं तेल ओतलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेलानं दाब जरा तरी वाढतो. काही फरक नाही. मामा पुन्हा हँडल मारू लागले आणि मी मागं जाऊन धुराड्याच्या नळीला कान लावला.

"अहो, किती वेळ?" अध्यक्ष.

"जरा गप बसा!" मी ओरडलो. आत फुस्स वाजत होतं. व्हॉल्व पूर्ण मिटत नव्हता.

मी मामांकडे बघितलं, मामांनी अध्यक्षांकडे.

बॅटरी जुनी, म्हणून भाषण चालू असताना इंजिन चालूच ठेवावं लागे आणि व्हॉल्व ढकलणारे सैल टॅपेट टकटकत. अध्यक्षांना त्यांच्या वाक्यांत टकटक नको होती. काल भाषण संपताच "आवळून टाका," म्हणाले. मामांनी सगळे आवळले. गरम झाल्यावर व्हॉल्वला मिटायला फटच उरली नाही, कड जळाली.

"तुमीच म्हनला हुता, साहेब."

"मी काय मेकॅनिक आहे?" अध्यक्ष म्हणाले. या माणसाची पत्रकं मी वाटत होतो!

रस्त्यात करण्यासारखं काही नव्हतं. तीन सिलिंडरवर, बैलगाडीच्या मागं मागं, आम्ही चाकण गाठलं. वखारीचं दार उघडं होतं. माणसं पाठीवर पोती घेऊन आत-बाहेर करत होती.

"थांबायचं होतं हो थोडं," मी रोज पुढं उभ्या असणाऱ्या म्हाताऱ्या हमालाला म्हणालो.

"थांबलो की. रोज तुमची टकटक पार नाक्यावरनं ऐकू येती. आज कान लावून बसलो. काय न्हाई. मुकादम म्हनला, पळाली. आमी म्हनलं, आसंल बाबा."

मागं अध्यक्ष मामांना कर्णा लावायला सांगत होते.

म्हातारा पोत्यापाशी वाकला, पण ते एकट्याला उचलेना. "आलाच हाय तर जरा हात लावा, भाऊ," तो म्हणाला.

मी हात लावला. पोतं त्याच्या पाठीवर चढवून दिलं.